रफाराचा उन्हाळा

शाळांच्या परीक्षा संपल्या की ज्ञानकोशाला ताप चढतो. दरवर्षी, न चुकता. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा आणि कोणीही येऊन दुरुस्त करायचा असा एक मराठी ज्ञानकोश आहे, त्याचा मी बिनपगारी पहारेकरी. आम्हाला 'प्रचालक' म्हणतात. हा शब्द ऐकून माझ्या मेहुण्याला वाटलं होतं की मला सरकारी गाडी मिळाली. मार्चभर सगळं शांत असतं, कारण पोरं पेपरांत बुडालेली असतात. मग एप्रिल उजाडतो आणि एका दुपारी 'अलीकडील बदल' नावाच्या पानावर पहिला बुडबुडा येतो. हत्तीच्या लेखात कोणीतरी लिहून गेलेलं असतं, 'हत्ती म्हणजे आमचे गणिताचे सर'. पाठोपाठ तापी नदी कुणाच्या तरी अंगणातून वाहू लागते. एका जुन्या राजघराण्याच्या वंशावळीत शिरपूरचा कोणी पप्पू शिरतो आणि सरळ गादीवर बसतो. मी चष्मा पुसतो, बोटं मोडतो आणि 'उलटवा' या शब्दावर टिचकी मारतो. पप्पू पायउतार. हत्ती पुन्हा सस्तन प्राणी.

या उद्योगाला आमच्यात 'उत्पात' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. जणू धूमकेतू निघालाय, कुत्री रडताहेत आणि राजज्योतिषी धावत येतोय. येतो कोण, तर ओठावर अजून मिसरूड फुटायचं आहे असा एक पोरगा.

यंदा धुळ्यात ऊन असं आहे की गॅलरीतल्या तुळशीनंसुद्धा माझ्याकडे बघणं सोडलंय. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली आहे. घरात मी आणि कूलर. कूलर दिवसभर बोलतो आणि मी अधूनमधून 'हो हो' म्हणतो. संसारात लागलेली सवय. पूर्वी या पहाऱ्यावर आम्ही पुष्कळ जण होतो. एकमेकांना कधी पाहिलं नाही, पण कोण सकाळी पूजेआधी येतं, कोण कचेरीतून चोरून येतं, हे ठाऊक होतं. एक बाई फक्त पक्ष्यांच्या लेखांवर नजर ठेवायच्या. एक गृहस्थ आयुष्यभर 'आणि'तला 'णि' ऱ्हस्व करत राहिले. मग एकेक नाव थांबलं. तिथे माणूस मेला, रुसला की नुसता कंटाळला, हे कळायची सोय नाही. नाव तसंच राहतं, बदल येणं बंद होतं. आता दुपारी मी एकटाच असतो, आणि खरं सांगतो, एखादा पप्पू गादीवर बसला की मला बरं वाटतं. कोणीतरी आलं.

हे असं बरं वाटणं मी पूर्वी एका माणसाच्या तोंडावर पाहिलं होतं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

एरंडोल सोडून धुळ्याच्या दिशेनं निघालं की काही वेळानं आमच्या गावाचा फाटा लागायचा. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. फाट्यावर एक कडुनिंब, कडुनिंबाखाली अक्काची चहाची टपरी, आणि टपरीसमोर पंचायतीच्या गोदामाची लांबलचक भिंत. जळगाव-धुळे करणारी लाल गाडी तिथं चहापुरती थांबायची. त्या भिंतीला छातीपासून डोक्यापर्यंत काळा रंग फासलेला होता, आणि तिच्या कपाळावर नानांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं: 'ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने लिहावे. ज्याला चूक दिसेल त्याने दुरुस्त करावी.' खाली खिळ्याला नारळाची करवंटी, करवंटीत खडू. शेजारच्या खिळ्याला ओलं फडकं. गाव त्या भिंतीला 'मालूमभिंत' म्हणायचं, कारण आमच्या खानदेशी बोलीत ठाऊक असणं म्हणजे मालूम.

नाना म्हणजे एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. हयात स्टँडवर गेली. भोंग्यातून त्यांचा आवाज निघाला की झोपलेली माणसं उठून बोचकी उचलायची. निवृत्त होऊन ते गावी आले आणि एकाएकी त्यांचं ऐकून उठणारं कोणी उरलं नाही. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. त्यांनी गोदामाची भिंत पंचायतीकडून मागून घेतली, स्वतः रंगवली, आणि जे पूर्वी भोंग्यातून सांगायचे ते खडूनं सांगायला लागले. 'प्रवाशांनी नोंद घ्यावी' हे त्यांचं पालुपद. गावच्या म्हशीला रेडकू झालं तरी प्रवाशांनी नोंद घ्यायची.

पण भिंत त्यांची एकट्याची राहिली नाही, हीच तिची गंमत. गाडीतून उतरणारे लोक चहा होईपर्यंत काहीबाही लिहून जायचे. पद्मालयाला जायची वाट कोणी लिहिली. कोणी तिच्यात आडवाट घातली. तिसऱ्यानं लिहिलं की आडवाटेवर कुत्रं आहे. रावेरच्या एका केळीवाल्यानं लिहिलं की घड सावलीत ठेवा आणि देठ झाका. एकदा तर भरीत कशावर भाजावं यावरून महायुद्ध झालं. जळगावच्या बाजूनं येणारे लिहायचे, वांगी पऱ्हाटीवर भाजावीत, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांवर. धुळ्याकडून येणारा कोणी परतीच्या गाडीतून उतरून ते पुसायचा आणि 'तुराटीवर', म्हणजे तुरीच्या काड्यांवर, असं करायचा. सकाळी पऱ्हाटी, संध्याकाळी तुराटी. शेवटी नानांनी न्यायाधीशाच्या थाटात दोन्ही लिहिलं: 'काहींच्या मते पऱ्हाटी, काहींच्या मते तुराटी. वांग्याचे मत उपलब्ध नाही.'

आज मी परक्या माणसांच्या भांडणात जे काय करतो ते सगळं त्या ओळीत आहे. नानांचं शास्त्र मी बी.ए.ची शेवटची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेल्या उन्हाळ्यात शिकलो. मित्र जळगावला राहिले होते, नोकरी नव्हती, आणि घरात मी दिसलो की आईला विहिरीवरचं काम आठवायचं. म्हणून मी फाट्यावर जाऊन बसायचो आणि नानांचा मदतनीस झालो. नाना सांगत, चूक दिसली की हातातला चहा निवायच्या आत दुरुस्त करायची. करणाऱ्याला शिव्या द्यायच्या नाहीत; शिव्या मिळाव्यात म्हणूनच तो करत असतो, त्याला प्रेक्षक देऊ नये. फारच झालं तर खडू काही वेळ खिशात घालायचा. पण भिंतीला जाळी लावून कुलूप घालायचं नाही, कधीच नाही. कुलूप लावलं की चोर जातो आणि त्याच्याबरोबर घरचेही जातात.

आमच्या पहाऱ्यातली तिसरी भिडू अक्का. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कोण उतरलं, कोण भिंतीपाशी घुटमळलं, कोणाच्या बोटांना पांढरं लागलं, हे तिला स्टोव्हवरून मान न उचलता कळायचं. नाना तिच्या मागे लागायचे, अक्का, एक अक्षर तरी काढा. अक्षर नको तर नुसता रफार काढा. भाकरीचा तुकडा मोडायचा आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायचा, झालं. अक्का म्हणायची, अक्षरले भाकर कसाले? त्याले का भूक लागस?

तर त्या उन्हाळ्यात रफाराचाच उत्पात सुरू झाला.

आधी पद्मालयाच्या वाटेच्या माहितीत 'देवदर्शनासाठी'मधला रफार कोणी बोटानं पुसला. राहिलं 'देवदशनासाठी'. संध्याकाळी नाना आले, थबकले, दोन पावलं मागे सरकले आणि भोंग्याच्या आवाजात म्हणाले, कोणा कारट्यानं केलं हे? चार माणसं जमली. नानांनी समजावून सांगितलं की दशन म्हणजे दात. आता भाविक देवाचे दात बघायला जाणार. माणसं हसली. दुसऱ्या दिवशी मोफत डोळे तपासणीच्या सूचनेत एक 'हा' घुसला आणि मोफत डोहाळे तपासणी झाली. आठ माणसं जमली. मग 'अध्यक्षांचे भाषण' या सूचनेतलं 'भाषण' पुसून कोणी 'भांडण' केलं. अध्यक्ष म्हणजे आमचे सरपंच आबा. त्या संध्याकाळी फाट्यावर जत्रा होती, आणि आबा सोडून सगळे खुश होते.

हे लोक जमणं नवीन होतं. कारण त्या वर्षी पंचायतीत टीव्ही आला होता, आणि मालूमभिंत ओस पडत चालली होती. गाडीतली माणसं उतरून चहा घेऊन परत चढायची. गावातली माणसं तर फाट्यावर फिरकेनाशी झाली. खडूची करवंटी भरलेली राहायला लागली. आधी नाना रोज फडकं ओलं करायचे, मग ते वाळलेलं दिसायला लागलं. पुसायला काही नव्हतंच.

आणि मग ते मृत्यूचं प्रकरण झालं. आबांचे काका वारले. पंचक्रोशीत त्यांच्याइतकी जमीन दुसऱ्या कोणाची नव्हती. नानांनी अदबीनं लिहिलं, 'दुःखद निधन'. दुपार टळली आणि 'ध'च्या डोक्यावर भाकरीचा तुकडा येऊन बसला. दुःखद निर्धन. गावातला सर्वांत श्रीमंत माणूस मरता मरता कंगाल झाला. लोक तोंड दाबून हसले, काही जण तोंड न दाबता. आबा अंत्यविधीच्या गडबडीतून फाट्यावर आले, त्यांनी ते वाचलं आणि नानांकडे वळून शांतपणे सांगितलं, ज्या अर्थी तुमच्यानं भिंत सांभाळली जात नाही, त्या अर्थी आखाजीच्या दिवशी तिच्यावर जाहिरात रंगेल. कीटकनाशकाच्या कंपनीचा पेंटर कधीपासून मागे लागला होता.

नानांनी फडक्यानं रफार पुसला. "मर्यादा ओलांडली," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते मला तेव्हा कळलं नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पण अक्षय्य तृतीया म्हटलं की सोनं आठवतं, आणि आखाजी म्हटलं की आमच्याकडे पोरी आठवतात. सासरी गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, घराघरात आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. गावाला वर्षातून एकदा आवाज फुटतो. तोवर भिंतीचा चोर सापडला तर आबांच्या पायावर घालू, असं मी ठरवलं. वयच तसं होतं. नानांना सांगितलंसुद्धा नाही. टपरीतल्या वर्तमानपत्राच्या रद्दीतून एक अंक घेतला, मधोमध बोटानं भोक पाडलं, आणि ऐन दुपारी अक्काच्या टपरीत, पोत्यांच्या मागे, पेपर तोंडासमोर धरून बसलो. हेरगिरीची सगळी पुस्तकं माझ्या पाठीशी होती.

खानदेशातली ती दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून कळायची नाही. रस्त्याचं डांबर मऊ झालेलं. कडुनिंबाखाली कुत्री मेल्यासारखी पडलेली. वारा सुटायचा तोही भट्टीचं दार उघडल्यासारखा. गाड्या नाहीत, माणूस नाही. भिंत काळीभोर, तापलेली, एकटी. बघता बघता मला त्या भिंतीचीच दया यायला लागली, आणि डोळा लागणार इतक्यात छत्री दिसली.

काळी छत्री, पांढरं धोतर, हातात वहाणा घेतलेल्या, म्हणजे आवाज नको. नाना.

मला वाटलं, हेही चोर पकडायला आले. मी हाक मारणार होतो. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, नाटकातला खलनायक पाहतो तसं मान लांब करून पाहिलं. मग छत्री भिंतीला टेकवली, करवंटीतून खडू उचलला, 'सर्व गावकरी'मधल्या 'सर्व'चा रफार आदल्या दिवशीच जाऊन त्याचं 'सव' झालेलं होतं, म्हणून शेजारच्या 'गावकरी'तल्या 'क'ला त्यांनी एक सुबक काना जोडला. गावकारी. मागे सरकले. मान तिरकी करून बघितलं. बाळाला तीट लावून आई बघते तसं. आणि त्यांच्या तोंडावर ते बरं वाटणं आलं, ज्याबद्दल मी वर म्हणालो. मग छत्री घेऊन, वहाणा हातात घेऊन, तापल्या रस्त्यावरून चटके खात, उड्या मारत निघून गेले.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. दशन म्हणजे दात हे आमच्या गावात नानांशिवाय ठाऊक कोणाला असणार?

पेपर माझ्या हातात तसाच राहिला. मी अक्काकडे वळलो. ती आलं ठेचत होती.

"देखं का?" ती म्हणाली. "माले पयलेपास्नं मालूम शे."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस.

"एकला मानूस शे तो. कोनी येत नही म्हनीसन करस. गाव झोपस तव्हय भिंतीसंगे बोलस."

मला राग आला होता. आपल्याच हातानं भिंत घालवणार हा माणूस, आणि चोर पकडला तर नाना उघडे पडणार. चोर न पकडला तर पेंटर येणार. आणि समजा नानांनी उद्यापासून सोडून दिलं, भिंत वाचली, तर त्या वाचलेल्या भिंतीपाशी येणार कोण? मी हे सगळं तावातावानं बोललो, इतिहासाचा विद्यार्थी असल्यानं दोन-चार साम्राज्यंही मध्ये आणली. अक्कानं शांतपणे स्टोव्हला पंप मारला. त्याला चुका पाहिजेत ना, असं ती म्हणाली, मग आपण देऊ की. लोकांच्या.

धुळ्याहून येणारी पुढची गाडी थांबली. माणसं घाम पुसत उतरली, चहा मागायला लागली. अक्कानं ओट्यावर कप उपडे घातले होते. खडूची करवंटी तिनं समोर सरकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पयले भिंत, मंग चहा."

लोकांना वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. ती करत नव्हती. काय ठाऊक आहे ते एक ओळ लिहा, मग कप सुलटा होईल. एका मास्तरांनी कपाळाला आठ्या घालून पाढा लिहिला. एका वऱ्हाडातल्या म्हातारीला लिहिता येईना, तर तिनं सांगितलं आणि कंडक्टरनं लिहिलं. ड्रायव्हर साहेबांनी कुठल्या पुलावर खड्डा आहे ते लिहिलं. बिनाचहाचं खानदेशी माणूस किती ओळी लिहू शकतं याचा मला अंदाज नव्हता. आणि हाय रे दैवा, काय ते शुद्धलेखन! संध्याकाळी नाना आले ते आपली दुपारची कामगिरी जाहीर करायला. समोर बघतात तर भिंत गच्च. 'पाणि', 'दुध', 'विहिर', 'आर्शीवाद'. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ, दीर्घाच्या जागी ऱ्हस्व. त्यांच्या 'गावकारी'कडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं, नानांनीही नाही. ते छत्री टाकून भिंतीवर तुटून पडले. एका बाजूनं ते दुरुस्त करत, दुसऱ्या बाजूनं गाडीतली माणसं बिघडवत. "दीर्घ! दीर्घ!" असा त्यांचा भोंगा अंधार पडेपर्यंत घुमत होता.

त्यानंतर दुपारी छत्री दिसली नाही. खऱ्या चुका एवढ्या होत्या की खोट्या करायला नानांना फुरसत नव्हती.

मग लेकी यायला लागल्या. गाडीतून उतरल्या की अक्का त्यांनाही सोडायची नाही. अमकीची तमकी, दिली शिरपूरला. अमकीची तमकी, दिली रावेरला, दारात केळीची बाग, एकदा या. कित्येकींनी बाराखडी याच भिंतीवर गिरवली होती. एकीनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नाना, माझे शुद्धलेखन तपासा.' नाना ते वाचून चष्मा पुसत बसले आणि त्या ओळीला हात लावला नाही, बरोबर होती म्हणून.

आखाजीच्या सकाळी पेंटर आला. डबे, ब्रश, शिडी. मागून आबा, नवा फेटा. झोक्यांवरची गाणी फाट्यापर्यंत ऐकू येत होती. नाना भिंतीला पाठ लावून उभे राहिले. नुसते उभे राहिले, सगळी गाडी भरली असताना दारात उभा राहणाऱ्या माणसासारखे. पेंटर म्हणाला, आबा, जागा कुठं आहे? भिंतीवर तळहाताएवढी जागा रिकामी नव्हती. आबांनी मान फिरवून उगाच दोन ओळी वाचल्या. मग तिसरी वाचली आणि तिथंच अडकले. 'गावची मोठी विहीर पाटलांनी खोदली.'

ती ओळ आदल्या दिवशी अक्कानं मला सांगून लिहून घेतली होती. मी तिला दोनदा विचारलं होतं, अक्का, पक्कं का? तिनं स्टोव्हकडे बघत सांगितलं होतं की तू लिख.

"हाई कोनी लिखं?" आबांचा आवाज चढला. एरवी ते कचेरीची मराठी बोलायचे. "ती विहीर मन्हा आजानी खंदेल शे. पाटलानी?" नानांनी फक्त एक पाऊल बाजूला घेतलं आणि करवंटी पुढे केली. आबांनी खडू घेतला, 'पाटलांनी' पुसलं, आजोबांचं नाव लिहिलं. मग कोणत्या दुष्काळात खोदली ते लिहिलं. मग किती बैलजोड्या मोटेला होत्या ते. मग बैलांची नावं. पेंटर शिडीवर बसून बिडी ओढत होता. आबांची जागा संपली तेव्हा ते मागे वळून म्हणाले की जाहिरातीचं नंतर बघू, आधी हे पुरं होऊ दे. ते पुढे कधीच पुरं झालं नाही.

त्या दुपारी फाट्यावर सगळ्यांनी आमरस खाल्ला. नाना खुशीत होते. अक्काला म्हणाले, आता तरी एक रफार काढा, आखाजीचा मुहूर्त आहे.

"तू मरशी तव्हय काढसू, नाना," अक्का म्हणाली, आणि सगळे हसले. नाना सर्वांत मोठ्यानं.

मला निकाल लागल्यावर धुळ्यात नोकरी मिळाली. नानांना आपलं गुपित फुटल्याचं कळलं होतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. पुढे मी गेलो की ते मला भिंतीवरच्या ताज्या चुका दाखवायचे, लहान मूल किडे दाखवतं तसे. चुका वर्षागणिक कमी होत गेल्या. टीव्ही घरोघर आला. अक्काचा गुडघा गेला, कप उपडे घालायची तिची जरबही गेली. शेवटच्या भेटीत भिंतीवर बहुतेक सगळी अक्षरं नानांचीच होती. शुद्ध, रेखीव, आणि बघवत नव्हती.

परवा मी ज्ञानकोशात आमच्या गावाचं पान उघडलं. मीच लिहिलेलं आहे. लोकसंख्या, पिकं, विहीर. सगळं बरोबर. कित्येक वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नाही. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. कूलर काहीतरी म्हणाला. बोट कळफलकावर होतं, एखादा रफार काढायला कितीसा वेळ लागतो? नाही काढला. पण वहाणा हातात घेऊन उन्हात उड्या मारत जाणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

नाना गेले तेही आखाजीच्याच तोंडावर. नव्वदचं दशक मध्यावर आलं होतं. निरोप मिळाला तसा मी मिळेल त्या गाडीनं फाट्यावर उतरलो. भिंतीवर सूचना होती. आबांनी स्वतः लिहिली होती, थरथरत्या, मोठ्या अक्षरात: 'कळवन्यास वाइट वाटते की आपल्या नानांचे दुःखद निधन झाले.' मी फडकं ओलं केलं, 'कळवन्यास'चं 'कळविण्यास' केलं, 'वाइट'चं 'वाईट' केलं. आज नानांना चूक नको, असं काहीसं मनात होतं. चहाच्या आत उरकलं आणि गावात गेलो.

सगळं आटोपून परत फाट्यावर आलो तेव्हा ऊन कलत होतं. टपरीवर गिऱ्हाईक नव्हतं. अक्का स्टोव्ह न पेटवता बसली होती. मी गाडीची वाट बघत भिंतीकडे वळलो आणि बघितलं. 'निधन'वर रफार होता.

जाड, तिरका, दोनदा गिरवलेला. आणि चुकला होता. तो 'ध'वर बसायला हवा होता, बसला होता शेवटच्या 'न'वर. निधर्न. या शब्दाला काही अर्थ नाही. नानांनी त्याची कितीही फोड केली असती तरी निघाला नसता.

माझा हात आपोआप खिळ्याकडे गेला. फडकं अजून ओलं होतं. वळून बघितलं तर अक्का माझ्याकडेच बघत होती. तिच्या अंगठ्याला आणि बोटाला पांढरं लागलं होतं.

"चुकी शे का?" तिनं विचारलं.

"हो, अक्का. चुकलंय."

"मंग ऱ्हाऊ दे."

धुळ्याची गाडी आली. मी फडकं परत खिळ्याला अडकवलं आणि चढलो. मागच्या काचेतून, भिंत वळणाआड जाईपर्यंत, ते अक्षर दिसत राहिलं. डोक्यावर भाकरीचा तुकडा घेऊन, चुकीच्या जागी, कोणी तरी धावत येईल म्हणून बसलेलं.